मैलाला किती डिझेल?

बोट तासाला किती डिझेल खाते, हे ससून डॉकवर किंवा भाऊच्या धक्क्यावर कुठल्याही तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्याला, विचारा, तो सांगेल. मैलाला किती खाते असं विचारलं, तर उत्तर बहुधा फेरीचं येतं: इतक्या दिवसांच्या फेरीला इतके लिटर. फेरीच्या हिशेबात सगळं एकत्र झालेलं असतं. बंदरातून बाहेर पडणं, मासळीच्या जागेपर्यंतची धाव, जाळं ओढणं, नांगर टाकून थांबणं, परतीची घाई. इंजिनाची रेस मिनिटाला दोनशे फेऱ्यांनी कमी ठेवली असती तर किती डिझेल वाचलं असतं, हे त्या हिशेबातून कधीच बाहेर येत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की महाराष्ट्रातल्या प्रत्येक यांत्रिक बोटीवर एका पानाचा तक्ता असावा: इंजिनाचे अमुक फेरे, अमुक वेग, मैलाला अमुक लिटर. तो बोटीवरच्या माणसांनी तयार केलेला असावा आणि त्यांच्याच ताब्यात राहावा. यातलं दुसरं वाक्य मला पहिल्याइतकंच महत्त्वाचं वाटतं, आणि त्याचं कारण मी जिथे राहतो त्या मुंबईतल्या डिलाईल रोडच्या इतिहासात आहे. पण आधी पाण्याबद्दल.

डिलाईल रोडवर समुद्र दिसत नाही. संध्याकाळी रस्त्याकडेला पाटी घेऊन बसलेल्या मावशीकडे तो बोंबील आणि मांदेलीच्या रूपाने येतो, आणि भाव ऐकून गिऱ्हाईक म्हणतं, "काय हो मावशी, कालच्यापेक्षा महाग?" त्या भावात बर्फ आहे, लिलाव आहे, टेम्पोचं भाडं आहे, आणि सगळ्यात आधी डिझेल आहे. म्हणून हा विषय बोटमालकांपुरता आहे असं मला वाटत नाही.

रस्त्यावरच्या गाडीची सवय झालेल्या माणसाला बोटीचं गणित सुरुवातीला पटत नाही. पाण्यात ताकदीची मागणी वेगाच्या साधारण घनाने वाढते. वेग सव्वापट करायचा तर ताकद जवळजवळ दुप्पट लागते. ताकद दुप्पट म्हणजे तासाला जळणारं डिझेलही साधारण दुप्पट. वेग वाढल्यामुळे प्रवासाचे तास कमी होतात, त्यामुळे मैलामागचा खर्च घनाने न वाढता वर्गाने वाढतो, पण तोही थोडा नव्हे.

आकड्यांत बघू. हे मोजलेले आकडे नाहीत, नियमावरून केलेला हिशेब आहे. पाण्याला टेकलेली लांबी ४५ फूट असलेली एक बोट घ्या. इंजिन १,८०० फेऱ्यांवर असताना ती ९ नॉट चालते आणि तासाला २४ लिटर डिझेल खाते असं धरा. म्हणजे सागरी मैलाला २.६७ लिटर. आता इंजिन १,५०० फेऱ्यांवर आणा. वेग ७.५ नॉट होईल, डिझेल तासाला १४ लिटरच्या जरा खाली येईल, मैलाला १.८५ लिटर. मासळीची जागा ४० मैलांवर असेल तर पहिल्या वेगाने ४ तास २७ मिनिटांत १०७ लिटर जळतील, दुसऱ्या वेगाने ५ तास २० मिनिटांत ७४. फरक ५३ मिनिटांचा आणि ३३ लिटरचा. लिटरला ९० रुपये धरले तर एका बाजूच्या धावेचे जवळजवळ ३,००० रुपये. जाऊन-येऊन दुप्पट.

प्रत्यक्षात बचत याहूनही जास्त निघते, कारण घनाचा नियम वरच्या वेगांना अपुरा पडतो. ते का, हे विल्यम फ्रूड या इंग्रज इंजिनिअरने १८७० च्या दशकात दाखवून दिलं. टॉर्की गावात त्याने एक लांबलचक टाकी बांधली आणि तिच्यात जहाजांच्या लहान प्रतिकृती ओढून पाण्याचा विरोध मोजला. बोट पाणी बाजूला सारत जाते तेव्हा स्वतःची लाट तयार करते, आणि वेग वाढला की त्या लाटेची लांबी वाढते. एका वेगाला ती लाट बोटीइतकी लांब होते. एक शिखर नाळेशी, दुसरं मागच्या टोकाशी आणि मधल्या खळग्यात बोट. त्यापुढे रेस द्याल तर मागचा भाग खाली बसतो, नाळ वर येते आणि बोट स्वतःच्याच लाटेचा चढ चढू लागते. हा वेग काढायचा ढोबळ नियम असा: पाण्याला टेकलेल्या लांबीच्या फुटांचं वर्गमूळ काढा आणि १.३४ ने गुणा. ४५ फुटांना उत्तर येतं ९ नॉट. भाऊच्या धक्क्यावर उभं राहून बंदराबाहेर पडणाऱ्या बोटी बघा. एखादीच्या मागच्या बाजूला पाणी उभं राहिलेलं दिसतं, धुराड्यातून काळा धूर येत असतो, आणि शेजारची बोट जरा कमी रेसवर तिच्या बरोबरीनेच चाललेली असते. पहिल्या बोटीचं जादा डिझेल त्या उभ्या पाण्यात जात असतं. बोट वाढत नाही, लाट वाढते.

मग सगळ्यांनी रेस कमी करावी एवढं सांगितलं की झालं, मोजायचं कशाला? कारण प्रत्येक बोटीची मर्यादा वेगळी असते. लांबी वेगळी, बुडाचा आकार वेगळा, गिअरबॉक्सचं प्रमाण वेगळं, पंख्याचा व्यास आणि पीळ वेगळा. कुणी जुनं इंजिन काढून मोठं बसवतो आणि पंखा तोच ठेवतो. कुणाचं इंजिन मुळात ट्रकसाठी घडवलेलं असतं आणि समुद्रासाठी बदलून बसवलेलं असतं. फार खालच्या फेऱ्यांवर इंजिन स्वतःच अकार्यक्षम होतं, त्यामुळे रेस कमी करत गेलं की बचत वाढतच जाईल असंही नाही. कुठेतरी तळ येतो. तो तळ कुठे आहे आणि त्याच्यावर कुठल्या फेऱ्यापासून चढ उभा होतो, हे त्या बोटीला विचारल्याशिवाय कळत नाही. शेजारच्या बोटीचा आकडा आपल्या बोटीला लावणं म्हणजे शेजाऱ्याच्या चष्म्यातून वाचणं.

मोजणं अवघड नाही, पण त्यात दोन ठिकाणी पाय घसरतो. पहिली जागा डिझेलची. इंजिनाला मुख्य टाकीतून डिझेल देण्याऐवजी खुणा केलेल्या एका लहान टाकीतून किंवा पारदर्शक कॅनमधून द्यायचं आणि ठरावीक वेळात पातळी किती उतरली ते बघायचं, ही साधी पद्धत. पण डिझेल इंजिन ओढलेलं सगळं डिझेल जाळत नाही. पंप आणि इंजेक्टरमधून उरलेलं डिझेल एका बारीक नळीने परत येतं आणि ती परतीची नळी मुख्य टाकीला जोडलेली असते. ती तशीच राहिली तर कॅनमधून गेलेलं सगळं डिझेल जळालं असं दिसतं आणि आकडा फुगतो. म्हणून परतीची नळीही त्याच कॅनमध्ये सोडावी लागते. एवढ्या एका नळीवर अख्ख्या मोजणीची अब्रू अवलंबून असते. परत आलेलं डिझेल गरम असतं, ते कॅनमध्ये फार तापू द्यायचं नाही, आणि कॅन रिकामा होऊन नळीत हवा शिरू द्यायची नाही. नाहीतर इंजिन बंद पडेल आणि भर पाण्यात हवा काढत बसावं लागेल.

दुसरी जागा वेगाची. जीपीएस आता जवळपास प्रत्येक बोटीवर आहे, पण जीपीएस जमिनीच्या हिशेबाने वेग सांगतो आणि मुंबई बंदराचं पाणी स्वतःच चालत असतं. उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीचा ओढा सहज दोन नॉटचा असतो. पाण्यातून ७ नॉट चालणारी बोट ओहोटीबरोबर ९ दाखवेल आणि ओहोटीविरुद्ध ५. म्हणून इंजिनाच्या फेऱ्यांच्या प्रत्येक आकड्याला एकदा जायचं आणि लगेच त्याच रेषेवरून परत यायचं. इथे पुष्कळ जण जाण्या-येण्याच्या वेळा एकत्र करून सरासरी काढतात, आणि ती चुकते. एक मैल ९ नॉटने जायला ६ मिनिटं ४० सेकंद लागतात, ५ नॉटने यायला १२ मिनिटं. दोन मैलांना १८ मिनिटं ४० सेकंद, म्हणजे ६.४ नॉट. बोट पाण्यातून ७ नॉटने चालत होती. दोन वेगांची सरासरी काढली तरच खरा ७ चा आकडा मिळतो, कारण उलट्या ओढ्यात बोट जास्त वेळ घालवते. शक्य असेल तर भांगाचा, म्हणजे कमी ओढ्याचा, दिवस निवडावा, पाणी थांबल्यासारखं असतं ती वेळ साधावी, आणि तरीही दोन्ही दिशांना चालवून बघावं. प्रत्येक वेळी बोटीवर वजन तेवढंच हवं. बर्फ भरलेली बोट आणि रिकामी बोट या मोजणीत दोन वेगळ्या बोटी आहेत. एकदा मोजून भागत नाही ते यामुळे: जातानाचा तक्ता वेगळा, मासळी घेऊन परततानाचा वेगळा.

ट्रॉलरचा मामला आणखी वेगळा. जाळं पाण्यात असताना बोट ३ नॉटच्या आसपास चालते आणि इंजिन मात्र कष्टात असतं. तिथे मैलाला लिटर हे माप फारसं उपयोगाचं नाही. जाळ्याच्या एका ओढीला किती लिटर आणि त्यातून किती किलो मासळी, हेच विचारावं लागतं. उलट डोलीची मासेमारी बघा. डोलीचं जाळं खुंट्यांना किंवा नांगरांना बांधलेलं असतं, पाण्याचा ओढा त्याच्यातून वाहतो आणि बोंबील, जवळा आत येतात. मासे धरायचं काम समुद्र फुकट करतो आणि इंजिन फक्त जाण्यायेण्याला लागतं. म्हणजे डोलकराचं जवळजवळ सगळं डिझेल या तक्त्याच्या आवाक्यात येतं. मोठ्या बोटीवाल्यांपेक्षा या मोजणीचा फायदा त्यालाच जास्त आहे, आणि कर्ज काढून यंत्रं आणणाऱ्या योजनांमध्ये त्याचं नाव सहसा शेवटी येतं, हे मला टोचतं.

यावर जाणत्या लोकांचे आक्षेप आहेत आणि ते खरे आहेत. पहिला लिलावाचा. ससून डॉकवर पहाटेच्या लिलावात आधी लागलेल्या बोटीला भाव मिळतो, तासाभराने आलेल्या बोटीचा माल पडून राहतो. हे कबूल. पण तक्ता कुणालाही हळू जा म्हणत नाही. तो घाईची किंमत सांगतो. ५३ मिनिटं लवकर पोचण्याला ३,००० रुपये पडतात हे कळलं, की लवकर पोचल्याने ५,००० जादा मिळणार असतील तर रेस द्यावी, हजारच मिळणार असतील तर देऊ नये. आज तो निर्णय आकड्याशिवाय होतो आणि घाईच जिंकते. शिवाय मासळीच्या जागेकडे जाताना लिलाव नसतोच. तिकडे जाणारी धावही त्याच रेसवर का होते, याला सवयीखेरीज दुसरं उत्तर मला मिळालेलं नाही.

दुसरा आक्षेप अनुभवाचा. तांडेलाला इंजिनाच्या आवाजावरून, धुराच्या रंगावरून, पायाखालच्या फळीच्या थरथरीवरून सगळं कळतं. बरंच कळतं, हे मीही मानतो. इंजिनावर ताण आला की त्याचा कान कुठल्याही यंत्राआधी सांगतो. पण ताण यायच्या खूप आधीपासून मैलाचा खर्च वाढू लागलेला असतो, आणि त्या पट्ट्यात इंजिन छान एका लयीत चालत असतं. तिथे कानाला तक्रार करण्यासारखं काही सापडत नाही.

हे फक्त छोट्या बोटींचं दुखणं नाही. २००८ नंतर इंधन महागलं आणि मालवाहतूक मंदावली, तेव्हा मर्स्कसारख्या कंपन्यांनी आपली प्रचंड कंटेनर जहाजं मुद्दाम हळू चालवायला सुरुवात केली. अशा कंपन्यांची जहाजं आपल्या समोर न्हावा-शेव्यालाही लागतात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने छोट्या मासेमारी बोटींच्या इंधनबचतीवर १९९९ मध्ये मार्गदर्शक पुस्तिका काढली, तिच्यातही वेग कमी करण्यावर सगळ्यात जास्त भर आहे. कोचीच्या केंद्रीय मत्स्य प्रौद्योगिकी संस्थेने 'सागर हरिता' ही कमी इंधनाची बोट बांधून २०१६ मध्ये पाण्यात उतरवली. ज्ञान आहे, संस्था आहेत. पण नव्या बोटीचा आराखडा आज पाण्यात असलेल्या हजारो जुन्या बोटींच्या कामाचा नाही. त्यांना कॅन, नळी, घड्याळ आणि एक शांत सकाळ हवी.

मग हे होत का नाही? इथे मला डिलाईल रोडकडे यावं लागतं.

ज्यांच्या नावाने हा रस्ता आज ना. म. जोशी मार्ग आहे, ते कामगार चळवळीच्या पहिल्या पिढीतले. १९११ मध्ये त्यांनी सोशल सर्व्हिस लीग काढली, १९२० मध्ये आयटक या कामगार संघटनेच्या स्थापनेत ते होते. त्यांच्या डोळ्यांसमोर १९२८ सालचा गिरण्यांचा संप झाला. एप्रिल ते ऑक्टोबर, सुमारे सहा महिने, दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर. संपाचं मोठं कारण मोजमाप होतं. मालकांनी कामाची मोजणी करून ठरवलं की विणकर दोनऐवजी तीन माग सांभाळू शकतो, सूतखात्यातला कामगार साच्याच्या एका बाजूऐवजी दोन बाजू. या योजना आधी ससून गटाच्या गिरण्यांत आल्या. याच रस्त्यावरची अपोलो मिल त्या गटातली, आज तिच्या जागेवर टॉवर आहेत. गिरणीत मोजणी झाली ती मालकाच्या घड्याळावर, आणि तिचा परिणाम कामगारांना कळला तो किती जणांना घरी बसावं लागणार या आकड्यातून. संपानंतर फॉसेट समिती बसली आणि तिने या योजना तपासल्या, पण गिरणगावात मोजणीबद्दल जो संशय तेव्हा बसला तो पुढे कित्येक वर्षं गेला नाही. त्या संशयाला मी अडाणीपणा म्हणणार नाही. तीन माग चालतात की नाही हा प्रश्न तपासण्यासारखा होता. पण आकडा ज्याच्या हातात त्यानेच तो कुणाविरुद्ध वापरायचा हे ठरवलं, आणि ज्याच्या अंगमेहनतीतून तो निघाला त्याला विचारलंही नाही.

हाच संशय आज बंदरावर आहे, आणि त्यालाही आधार आहे. महाराष्ट्र सरकार मच्छीमारांना डिझेलवरच्या मूल्यवर्धित कराचा परतावा देतं. त्यासाठी बोटीगणिक डिझेलचा कोटा मंजूर होतो आणि सहकारी संस्थांमार्फत व्यवहार चालतो. परतावा थकल्याची ओरड जवळजवळ दर हंगामात असते. अशा वेळी एखादा नाखवा मोजणी करून म्हणाला की माझी बोट तीस टक्के कमी डिझेलमध्ये चालते, तर पुढच्या वर्षी त्याचा कोटा तेवढाच राहील याची खात्री कोण देणार? त्याला दिसतं ते असं: मेहनत माझी, बचत माझी, आणि कात्रीही माझ्याच कोट्याला. परतावा लिटरवर मिळतो, त्यामुळे जास्त जाळणाऱ्याला जास्त मिळतो आणि कमी जाळणाऱ्याला कमी. परतावा बंद करा असं मी मुळीच म्हणत नाही. हातावर पोट असलेल्या धंद्यातून तो काढून घेणं क्रूरपणाचं होईल. पण मोजणी केलेल्या बोटीचा कोटा पुढची काही वर्षं हलणार नाही आणि वाचलेल्या लिटरचा काही वाटा तिलाच रोख मिळेल, असं सरकारने लेखी द्यायला हवं. त्याशिवाय कुणी खरा आकडा कागदावर आणणार नाही, आणि का आणावा?

खलाशांचा प्रश्न यात बुडून जाऊ नये. जिथे वाट्याची पद्धत आहे तिथे आधी डिझेल, बर्फ, शिधा वजा होतो आणि उरलेल्याचे वाटे पडतात. म्हणजे वरच्या दोनशे फेऱ्यांचं डिझेल खलाशाच्या वाट्यातूनही जातं, आणि थ्रॉटलवर त्याचा हात नसतो. तक्ता केबिनमध्ये भिंतीवर लावलेला असेल, तर तो निदान विचारू शकेल, "नाखवा, आज एवढी रेस कशाला?" मालकाच्या वहीत बंद असेल तर नाही. तक्ता बोटीवरच राहावा असं मी म्हणतो ते या माणसासाठी.

यंत्रणेची अडचण पूर्वी होती तेवढीही आता राहिलेली नाही. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला पंतप्रधानांनी मासेमारी बोटींवरच्या ट्रान्सपॉन्डरच्या देशव्यापी योजनेची सुरुवात केली. किनाऱ्यावरच्या राज्यांत एक लाख बोटींवर ते बसवायचे आहेत. बोट कुठे आहे हे उपग्रहाला कळणार, आणि जागा कळली की वेगही काढता येतो. तक्त्याचा अर्धा भाग असा आपोआप तयार होतो आहे, पण तो किनाऱ्यावरच्या नियंत्रण कक्षात. वादळाच्या इशाऱ्यासाठी आणि सुरक्षेसाठी हे हवंच, त्याला माझा विरोध नाही. मला भीती आहे ती पुढच्या पायरीची. उद्या कुणीतरी डिझेलचा सेन्सर जोडेल, आकडे थेट कार्यालयात जातील आणि बोटीवर फक्त त्यांचा परिणाम परत येईल. तसं व्हायच्या आधी मच्छीमार संस्थांनी ही मोजणी स्वतःच्या हाती घ्यावी. प्रत्येक संस्थेकडे खुणा केलेला एक कॅन, जोडायच्या नळ्यांचा संच, फेरे मोजायचं यंत्र आणि हे काम शिकलेला एक मुलगा असला तरी एका हंगामात गावातल्या बऱ्याच बोटी मोजून होतील. यासाठी मुंबईतली अभियांत्रिकी कॉलेजं विद्यार्थी पाठवू शकतात. वर्सोव्याला केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे, तिचं तर हे कामच आहे.

वेळही ठरवून घेता येते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या ६१ दिवसांत बोटी ओढून घेतात, बुडावर धरलेलं शेवाळ आणि शंख-शिंपले खरवडतात, रंग लावतात, पंखा बघतात. ऑगस्टमध्ये बोट पाण्यात उतरली की पहिली मोजणी करावी, बूड स्वच्छ असताना. दुसरी फेब्रुवारीत करावी, त्याच फेऱ्यांवर, तेवढंच वजन ठेवून. दोन्ही आकडे शेजारी लिहिले की बुडावर साचलेल्या घाणीचा मैलामागचा खर्च लिटरमध्ये दिसेल. हंगामाच्या मध्यावर बोट ओढून बूड साफ करायला चार दिवस जातात, धंदा बुडतो, मजुरी लागते, म्हणून ते सहसा कुणी करत नाही. ते चार दिवस किती मैलांत भरून निघतात, याचा हिशेब नाखवा आणि खलाशी त्या तक्त्यावरून बसल्या जागी करू शकतील. उरलेल्या हंगामात तेवढे मैल व्हायचे असतील तर बोट ओढावी, नसतील तर जूनपर्यंत तशीच चालवावी.